गर्भनलिका वाचवायच्या तर उपचार दोघांवर हवेत

अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यातल्या एखाद्या बाईला दिवस गेले की सरकारी आरोग्ययंत्रणेला ती दिसू लागते. आशाताई तिची नोंद करतात, उपकेंद्रात वजन आणि रक्तदाब पाहिला जातो, एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त तपासले जाते. लग्नाला तीन-चार वर्षे होऊनही जिला दिवस जात नाहीत, तिच्याकडे मात्र यंत्रणेचे फारसे लक्ष जात नाही. ती नवस बोलते, गावठी औषधे घेते, आणि शेवटी अंगावरचा एखादा डाग मोडून अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या वंध्यत्व केंद्राची पायरी चढते. तिथे काहीजणींना कळते की त्यांच्या गर्भनलिका बंद आहेत. नलिका बंद होण्याचे एक मोठे कारण म्हणजे काही वर्षांपूर्वी अंगावर काढलेला संसर्ग, जो तेव्हा थोड्याशा औषधांनी बरा झाला असता. हा संसर्ग तालुक्याच्या पातळीवरच, वेळेत ओळखला गेला पाहिजे आणि त्याचे उपचार नवरा-बायको दोघांवरही झाले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे जिवाणू लैंगिक संबंधातून गर्भाशयाच्या तोंडाशी पोहोचतात. उपचार झाले नाहीत तर काही स्त्रियांमध्ये ते वर गर्भाशयात आणि तिथून नलिकांमध्ये शिरतात. नलिकेच्या आतले नाजूक अस्तर सुजते, त्यावर व्रण धरतात, पदर एकमेकांना चिकटतात. मग स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची गाठच पडत नाही, किंवा गर्भ नलिकेतच रुजून जिवावर बेततो. क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीही त्रास जाणवत नाही, हे यातले सर्वांत घातक. स्वीडनमधल्या लुंड येथे लार्स वेस्ट्रॉम यांनी ओटीपोटाच्या संसर्गाच्या रुग्ण स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, एकदा संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांपैकी सुमारे २० टक्के, तर तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांपैकी ४० टक्के स्त्रियांना नलिका खराब झाल्यामुळे मूल होऊ शकले नाही. पहिला संसर्ग बरा करणे आणि दुसरा होऊ न देणे याचे मोल या आकड्यांतून कळते.

‘हे आजार आमच्या घरंदाज बायकांचे नाहीत,’ असा आक्षेप लगेच येईल. त्याला महाराष्ट्रातूनच उत्तर मिळालेले आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ते सगळे आजार लैंगिक संबंधातून आलेले नव्हते, पण जननमार्गाच्या संसर्गांचा त्यांत मोठा वाटा होता. ज्या बाईने नवऱ्याशिवाय कोणाचा विचारही केलेला नाही, तिलाही नवऱ्याकडून लागण होऊ शकते. तिच्या चारित्र्याचा या जिवाणूंशी काहीही संबंध नाही.

शेवगाव, पाथर्डी आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने कोपीत मुक्काम, पाण्याची टंचाई, आडोशाला न्हाणीसुद्धा नाही. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. ‘अंगावरून जाते’, ‘ओटीपोट दुखते’ म्हणून बाईने दवाखाना गाठायचा तरी कधी? दुखणे साचत जाते आणि अखेर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याची जी माहिती आली, तिच्यानुसार ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्या सगळ्या शस्त्रक्रियांमागे संसर्गच होता असे म्हणता येणार नाही. पण जिथे काही रुपयांच्या गोळ्यांची सोय नाही आणि शस्त्रक्रियेची मात्र आहे, तिथे साधे दुखणेही शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाते, हे त्यातून दिसले.

औषधे नाहीत असे नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात लैंगिक आजारांसाठी रंगांनुसार औषधांचे संच ठरवून दिलेले आहेत. योनिमार्गाच्या स्रावासाठी हिरवा, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळा. अडचण दोन ठिकाणी आहे. हे संच लक्षणे सांगणाऱ्या बाईसाठी आहेत, आणि क्लॅमिडिया बहुतेक वेळा लक्षणे दाखवतच नाही. दुसरे म्हणजे बाई गोळ्या घेऊन बरी होते, पण नवऱ्यावर उपचार झालेले नसले की तोच संसर्ग तिला परत होऊ शकतो. वेस्ट्रॉम यांच्या आकड्यांतली दुसरी आणि तिसरी पायरी ती अशी चढते. ऊसतोडीत मुकादमाची उचल जोडप्याला मिळते, तोडणीचा हिशेब जोडप्याचा होतो. औषध मात्र एकट्या बाईला! नवऱ्याची तपासणी आणखी एका कारणाने हवी. मूल न होण्यात पुरुषातला दोष जवळपास निम्म्या जोडप्यांत कमी-अधिक प्रमाणात असतो, आणि तो शोधायच्या आधीच बाईला वांझ ठरवले जाते.

अशा तपासण्यांनी संसार मोडतील, ही भीती खोटी नाही. म्हणूनच समुपदेशक हवेत आणि पूर्ण गुप्तता हवी. क्लॅमिडिया शरीरात बराच काळ गुपचूप राहू शकतो. लागण नेमकी कधी आणि कोणाकडून झाली, हे चाचणी सांगत नाही, आणि हे दोघांनाही समजावून सांगितले पाहिजे. शिवाय आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग, प्रसूतीनंतरचा किंवा असुरक्षित गर्भपातानंतरचा संसर्ग यांनीही नलिका बंद होतात. त्यामुळे बंद नलिका हा कोणाच्याही वागणुकीचा पुरावा नाही. या इतर कारणांकडे बोट दाखवून लैंगिक संसर्गाला दुय्यम ठरवणाऱ्यांना मी म्हणेन की, या सगळ्यांवर उपाय एकच आहे: लवकर तपासणी आणि पूर्ण उपचार.

राहिला खर्चाचा प्रश्न. क्षयरोगाच्या निदानासाठी सरकारने जी जीनएक्स्पर्ट यंत्रे घेतली आहेत, त्यांवर वेगळे कार्ट्रिज वापरून क्लॅमिडिया आणि गोनोरियाचीही चाचणी होते. कार्ट्रिज महाग आहे, सरसकट सर्वांची चाचणी परवडणार नाही, हे मान्य. पण त्रास असलेल्या आणि वर्षभरात दिवस न गेलेल्या जोडप्यांपासून सुरुवात करता येईल. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोखीम जास्त असलेल्या तरुणींची क्लॅमिडियासाठी तपासणी केल्यावर ओटीपोटाच्या संसर्गाचे प्रमाण वर्षभरात निम्म्याहून खाली आले. नंतरच्या काही अभ्यासांत फायदा इतका मोठा दिसला नाही, हेही खरे. पण टेस्ट ट्यूब बेबीच्या एका प्रयत्नाला लाखाच्या पुढे खर्च येतो आणि यशाची खात्री नसते. त्यापुढे ही चाचणी स्वस्तच म्हणायची. गावात अशा विषयावर कोणी बोलणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी याच जिल्ह्यातल्या जामखेडकडे पाहावे. १९७० पासून रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी तिथे गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका केले, आणि बायका त्यांच्याशी बोलल्या.

म्हणून मागणी साधी आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी आणि हंगाम संपवून परतल्यावर शेवगावच्या ग्रामीण रुग्णालयात जोडप्यांची तपासणी व्हावी. वर्षभर प्रयत्न करूनही मूल न झालेल्या जोडप्याची आशाताईंकडे, दोघांच्या संमतीने आणि गुप्तता राखून, गरोदर बाईसारखीच नोंद व्हावी. औषध देताना जोडीदाराच्या औषधाची पुडी सोबत दिली जावी. आणि शेवगावच्या पुरुषांनो, बायको दवाखान्यात जाईल तेव्हा बाहेर पारावर थांबू नका. तिच्यासोबत आत जा आणि आधी स्वतःची तपासणी करून घ्या.