कोमी-सान आणि आपली ‘शांत’ मुलं: लाजाळूपणा स्वभाव कधी, आजार कधी?

जपानी ॲनिमे म्हणजे मारामारी, राक्षस आणि आरडाओरडा, असा बऱ्याच पालकांचा समज असतो. पण तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी जे पाहते, त्यात ‘कोमी-सान वा, कोम्युशो देसु’ ही मालिकाही असू शकते. नेटफ्लिक्समुळे ती आपल्याकडेही पोहोचली. तोमोहितो ओदा यांची ही चित्रकथा २०१६ पासून जपानच्या ‘शोनेन संडे’ साप्ताहिकात येऊ लागली. तिच्यावरचं ॲनिमे ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं आणि त्याचे दोन भाग मिळून २४ एपिसोड आहेत. वरवर पाहता ही हलकीफुलकी प्रेमकथा आहे. एका न बोलणाऱ्या मुलीत हळूहळू कसा बदल होतो, हे त्यात ज्या क्रमाने दाखवलं आहे, तो क्रम मात्र वैद्यकीयदृष्ट्या बराचसा बरोबर आहे. म्हणून हा लेख.

गोष्ट थोडक्यात

कोमी शोको हायस्कूलमध्ये नव्याने दाखल झालेली मुलगी. दिसायला अतिशय देखणी, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळा वर्ग तिच्यावर फिदा. ती कोणाशी बोलत नाही, पण वर्गाला वाटतं, ‘एवढी मोठी माणसं आपल्याशी कशाला बोलतील!’ खरं कारण शेजारच्या बाकावरच्या तादानो या साध्यासुध्या मुलाच्या लक्षात येतं. तिला बोलायचं असतं, पण तोंडातून शब्दच फुटत नाही. रिकाम्या वर्गात तो फळ्यावर खडूने लिहून तिच्याशी बोलतो. तीही लिहू लागते आणि बघता बघता फळा भरून जातो. तिचं स्वप्न असतं १०० मित्र मिळवण्याचं. तो म्हणतो, पहिला मित्र मी होतो, उरलेल्या ९९ जणांसाठी मदत करतो.

नावातला ‘कोम्युशो’ हा जपानी बोलीतला शब्द आहे, वैद्यकीय निदान नाही. लोकांमध्ये मिसळणं, संवाद साधणं ज्याला जमत नाही त्याच्यासाठी तो वापरतात. मालिका सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते: अशा माणसाला संवाद जमत नसला, तरी तो नकोसा असतो असं नाही. ही एवढी एक गोष्ट पालकांना आणि शिक्षकांना पटली तरी पुष्कळ झालं.

स्वभाव की आजार?

लाजाळूपणा हा आजार नाही. नव्या माणसांत सुरुवातीला गप्प राहणारी, ओळख झाली की खुलणारी मुलं अगदी निरोगी असतात. एकटं राहायला आवडणारी मुलंही निरोगी असतात. त्यांना ‘सुधारण्याची’ गरज नाही.

पण भीती एवढी असेल की वर्गात शंका विचारता येत नाही, तोंडी परीक्षेला दांडी मारली जाते, डबा एकट्यानेच खाल्ला जातो, फोन वाजला तरी उचलवत नाही, आणि हे सहा महिन्यांहून जास्त काळ चाललं असेल, तर सोशल अँक्झायटी डिसऑर्डर, म्हणजे सामाजिक भीतीचा आजार आहे का हे तपासायला हवं. हा आजार बहुधा किशोरवयातच सुरू होतो. ‘लोक मला पाहताहेत, माझं काहीतरी चुकेल, मी हसं होईन’ हा विचार त्याच्या मुळाशी असतो. मेंदू समोरच्या माणसाला धोका समजतो, ॲड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, घाम येतो, घसा कोरडा पडतो आणि आवाज अडकतो. हा हट्ट नाही आणि उद्धटपणा तर मुळीच नाही.

जपानमध्ये या भीतीचं एक वेगळं रूपही वैद्यकशास्त्राने नोंदवलं आहे. त्याला ‘ताइजिन क्योफुशो’ म्हणतात. त्यात आपलं हसं होईल यापेक्षा, आपल्या नजरेमुळे किंवा वागण्यामुळे समोरच्याला त्रास होईल ही भीती मोठी असते.

कोमी नेमकी कशामुळे बदलते?

भीतीच्या प्रसंगातून माणूस पळ काढतो तेव्हा त्याला लगेच बरं वाटतं. मेंदू यातून शिकतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होते. हे चक्र तोडायचं तर त्या प्रसंगात थोडं थोडं शिरावं लागतं, सोप्याकडून अवघडाकडे. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याच्या उपचारात नेमकं हेच करतात.

कोमीची वाटचाल अशीच आहे. आधी फळा, मग वही, मग एखाददुसरा शब्द. आधी एक मित्र, मग त्याच्या ओळखीने दुसरा. दुसऱ्या भागात वर्गाची क्योतोला सहल जाते. तिथे कोमीच्या गटात तादानो नसतो, फारशी ओळख नसलेल्या दोन मुली असतात. माझ्या मते मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. आधार बाजूला नसताना ती माणसांत राहते, आणि निभावून नेते.

मला विशेष भावलं ते हे की तिची भीती जात नाही. ती भीत भीतच पुढे जाते. जपानी मानसोपचारतज्ज्ञ शोमा मोरिता यांनी शंभर वर्षांपूर्वी अशा रुग्णांसाठी जी उपचारपद्धती तयार केली, तिचं सूत्र हेच होतं: भावना ताब्यात येण्याची वाट पाहू नका, भीती वाटत असतानाच करायचं ते काम करा. ‘आत्मविश्वास आला की बोलेन’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात आधी बोलावं लागतं, आत्मविश्वास मागून येतो.

जे मला पटत नाही

पहिली गोष्ट, कोमी देखणी आहे म्हणून तिचं मौन सगळ्यांना गोड वाटतं. वर्गातल्या साध्या दिसणाऱ्या, गप्प मुलीच्या वाट्याला हे येत नाही. तिला ‘शिष्ट’ किंवा ‘घुमी’ म्हणतात, किंवा ती कोणाच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे तर ‘किती शांत आहे, काही त्रासच नाही’ असं कौतुक होतं. दंगा करणाऱ्या मुलाला लगेच समुपदेशकाकडे नेतात आणि न बोलणाऱ्याची शाळेची दहा वर्षं तशीच निघून जातात.

दुसरी गोष्ट, तादानो पुष्कळदा तिच्या मनातलं ओळखून तिच्या वतीने बोलतो. पडद्यावर हे प्रेमळ वाटतं, पण घरात रोज असंच झालं तर भीती पक्की होते. वहीचंही तसंच. सुरुवातीला ती कुबडीसारखी उपयोगी पडते, पण कुबडी कायमची नसावी.

तिसरी गोष्ट, तिची मैत्रीण नाजिमी सरावासाठी म्हणून तिला भलंमोठं, किचकट नाव असलेली कॉफी आणायला पाठवते. विनोद म्हणून ठीक. खऱ्या आयुष्यात पहिलीच पायरी एवढी उंच ठेवली तर मूल पुन्हा प्रयत्नच करत नाही.

घरी काय करावं?

• पाहुण्यांसमोर ‘बोल की, तोंड शिवलंय का?’ असं म्हणू नका. ‘आमची लाजाळूच आहे’ असंही तिच्यादेखत सांगू नका.
• तिला प्रश्न विचारला गेला तर मनातल्या मनात पाच अंक मोजा, मगच मदत करा. उत्तर तिलाच देऊ द्या.
• छोट्या पायऱ्या तिच्यासोबत बसून ठरवा: दुकानदाराला पैसे देणं, मग वस्तू मागणं, मग आजीला फोन करणं.
• प्रयत्नाचं कौतुक करा, पण गाजावाजा न करता. सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या तर तोच नवा ताण होतो.

डॉक्टरांकडे कधी जावं?

अभ्यास, मैत्री किंवा नोकरी अडू लागली तर जावं. घरी भरपूर बोलणारं लहान मूल शाळेत महिनाभराहून जास्त काळ एक शब्दही बोलत नसेल, तर थांबू नका. मोठ्या माणसांत ही भीती दडपण्यासाठी दारूचा आधार घेण्याची सवय लागते, तीही वेळीच ओळखा. उपचारांचा पाया संवादोपचार हाच आहे. गरज पडल्यास डॉक्टर औषधं देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने सुरू किंवा बंद करायची नसतात. लगेच कुठे जावं हे कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

फोनवर बोलणंच अवघड असलेल्या माणसाला फोन करायला सांगणं विचित्र वाटेल. अशा वेळी पहिला फोन घरच्यांनी करावा. आणि मुलाला सांगावं की डॉक्टरांसमोर बोलता नाही आलं तरी चालेल, कागदावर लिहून आणलंस तरी पुरे. सुरुवात फळ्यावरूनही होऊ शकते.