विसाव्याचा लिलाव

रत्नागिरी जिल्ह्यातून आखाताकडे निघालेल्या माणसाचा प्रवास विमानात सुरू होत नाही. तो हातखंब्याच्या तिठ्यावर सुरू होतो. विमान पहाटे साडेतीनचे असले तरी घराचा उंबरा आदल्या दुपारीच ओलांडावा लागतो. मुंबई इथून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. मधला महामार्ग २०११ पासून रुंद होतो आहे आणि वाटसरूने त्यावर विसंबावे अशी स्थिती अद्याप आलेली नाही. घाटात दरड कोसळली किंवा पुढे कोंडी झाली, की तिकिटाचे पैसे आणि हातची नोकरी दोन्ही एका फटक्यात पणाला लागतात. रेल्वेने जावे, तर १४ जुलै २०२४ ची आठवण ताजी आहे. खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आली, कोकण रेल्वे ठप्प झाली आणि गाड्या वाटेतच अडकून पडल्या. म्हणून शहाणा कोकणी माणूस आठ-दहा तास आधीच विमानतळ गाठतो. ज्याला सर्वांत जास्त काळ थांबावे लागते त्याच्यासाठीच तिथे थांबण्याची धड जागा नाही, आणि जी आहे ती आपल्या डोळ्यांदेखत विकली जात आहे.

गेल्या पावसाळ्यात एका मोठ्या विमानतळावर आम्ही स्वतः पाहिले ते सांगतो. राजापूरकडची सत्तरीची एक आजी लेकीच्या बाळंतपणासाठी दोह्याला निघाली होती. पाण्याची बाटली तपासणीत काढून घेतलेली, विमान साडेचार तास उशिरा. एका खांबाशी वर्तमानपत्र अंथरून ती पाय लांब करून बसली होती. समोर वीस पावलांवर दुधी काचेचे दार. आत गादीच्या खुर्च्या, गरम जेवण, स्वच्छ न्हाणीघर. बाहेर तीसेक जणांची रांग. कुणीतरी तिला म्हणाले, ‘आजी, तिथं बसायला मिळतं.’ ती उठली, रांगेत उभी राहिली, पंचवीस मिनिटांनी दारापाशी पोहोचली. दारावरच्या मुलाने नम्रपणे विचारले, ‘कार्ड आहे का?’ तिने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेले आधार कार्ड काढले आणि त्याच्यापुढे धरले. मुलगा क्षणभर काही बोललाच नाही. मग मान हलवून त्याने मागच्या माणसाचे कार्ड घेतले. आजी परत आली तेव्हा खांबापाशी दुसरे कोणीतरी बसलेले होते.

त्या मुलाचा दोष नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिने पाठ टेकण्याच्या साध्या मानवी गरजेला विक्रीचा माल केले. लाउंज हा कक्ष मुळात महागड्या वर्गाच्या प्रवाशांसाठी होता. जास्त पैसे घेऊन विमान कंपनी ती सोय देत असे आणि त्यात कोणाची वंचना नव्हती. गेल्या दशकभरात बँकांनी त्याचे आमिष केले. डेबिट कार्डावरून दोन रुपये कापून घ्यायचे आणि पोटभर जेवू घालायचे. प्रत्येक भेटीमागे बँक मध्यस्थाला पैसे देणार, मध्यस्थ लाउंज चालवणाऱ्याला देणार. ज्याला फुकट वाटत होते त्याचे मोल कोणीतरी मोजतच होते. गर्दी उसळली, दारांबाहेर रांगा लागल्या, आतल्या खुर्च्या भरल्या, अन्नाची प्रत घसरली. बँकांनी मग हात आखडता घेतला. एचडीएफसी बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून काही लोकप्रिय क्रेडिट कार्डांसाठी तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट घातली. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांवर मागील तिमाहीत ३५ हजारांचा खर्च मागितला. सप्टेंबर २०२५ मध्ये या व्यवहारातील मोठी मध्यस्थ कंपनी ड्रीमफोक्स हिने देशांतर्गत लाउंज सेवा बंद केल्याचे जाहीर केले, आणि काल चालणारे कार्ड आज चालेल की नाही याची खात्री कार्डधारकालाही उरली नाही. मागच्या तीन महिन्यांत तुम्ही किती उधळलेत यावर आज तुमच्या पाठीला आधार मिळेल का, हे ठरू लागले आहे. ज्या घरात पैसा जपून वापरणे हा संस्कार आहे, त्या घराला या हिशेबात जागाच नाही.

याउलट शुल्क मात्र प्रत्येकाकडून वसूल होते. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाच्या आदेशानुसार मुंबईत मे २०२५ पासून निघणाऱ्या देशांतर्गत प्रवाशाकडून १७५ रुपये आणि साध्या वर्गाच्या आंतरराष्ट्रीय प्रवाशाकडून ६१५ रुपये वापरकर्ता विकास शुल्क घेतले जाते. उतरणाऱ्याकडून वेगळे. हे पैसे तिकिटात दडलेले असतात, म्हणून त्यांची चर्चा होत नाही. राजापूरची आजी आणि काचेआडचा उद्योजक एकाच वर्गाने जात असतील, तर दोघेही हे शुल्क सारखेच भरतात. आता दुसरी बाजू पाहा. दुकाने, उपाहारगृहे, जाहिराती, लाउंज यांतून मिळणारे उत्पन्न ‘बिगर-वैमानिक’ गणले जाते. आपल्याकडील संकरित पद्धतीत या उत्पन्नाचा ३० टक्के भागच प्रवाशांवरील शुल्क कमी करण्यासाठी हिशेबात धरला जातो. उरलेल्या ७० टक्क्यांचा त्या शुल्काशी संबंध नाही. या गणिताचा अर्थ उघड आहे. साधा बाक काही कमावत नाही. त्याच जागेवरचे दुकान दर तासाला कमावते. चालकाने बाक का ठेवावा? चालकाला सद्गुणी होण्याचा उपदेश करून हे पालटणार नाही. किती प्रवाशांमागे किती मोफत आसने, किती अंतरावर पिण्याचे पाणी, किती स्वच्छतागृहे, आडवे होण्यासाठी किती जागा, हे नियामकाने बंधनकारक केले आणि ते न पाळणाऱ्याच्या शुल्कातून थेट कपात केली, तरच पालटेल. हे हत्यार शासनाच्या हाती आहे. ते म्यानातच गंजत पडले, तर पुढे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. ते घडू लागलेलेच आहे.

जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान धुक्यामुळे मुंबईत उतरवले गेले. तासन् तास ताटकळलेले प्रवासी विमानाशेजारी, धावपट्टीलगतच्या तळावर, उघड्यावर बसून जेवले. देशाने ती चित्रे पाहिली. कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड झाला, विमानतळाच्या चालकालाही झाला. पुढच्याच महिन्यात मुंबईत उतरलेला ८० वर्षांचा एक प्रवासी चाकाची खुर्ची वेळेवर न मिळाल्याने लांबच लांब मार्गिका चालत गेला आणि कोसळून मृत्यू पावला. त्याच्या विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तर वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची पुरेशी तयारी न झाल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि देशभरच्या विमानतळांवर माणसे सामानावर डोके ठेवून फरशीवर झोपली. वैमानिकाला विश्रांती हवी हे कायद्याला पटले. त्याच विमानाची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्याला ती हवी, हे कोणाला पटवायचे? ठरावीक वेळेपेक्षा अधिक उशीर झाल्यास अल्पोपाहार आणि रात्रीच्या मोठ्या खोळंब्यात निवासाची सोय, असे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केव्हाच केलेले आहेत. ज्या प्रवाशाला ते ठाऊकच नाहीत, जो इंग्रजी-हिंदीतली घोषणा नीट समजत नाही म्हणून शेजाऱ्याचे तोंड पाहतो, त्याच्यापर्यंत तो अल्पोपाहार पोहोचतो का, हे तपासायला कोण बसले आहे?

परंतु याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, आणि आमची खरी भीती तीच आहे. सार्वजनिक जागा टिकते ती तिच्यात सर्व थरांची माणसे नांदतात म्हणून. ज्याचा फोन मंत्र्यापर्यंत जातो, ज्याचे पत्र वर्तमानपत्रात छापून येते, तो माणूसही जेव्हा त्याच मोडक्या बाकावर बसतो तेव्हा तो बाक दुरुस्त होतो. रत्नागिरीकराला हे नव्याने सांगायला नको. सिव्हिलमधल्या खाटेवरून साहेबांची आई उठून खासगी रुग्णालयात गेली, त्या दिवसापासून त्या खाटेची चादर बदलायची घाई कोणाला राहिली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून गावातल्या शिकलेल्यांची पोरे निघाली आणि पाठोपाठ शिक्षकही घटले. एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाबद्दल ओरड करणारा वर्ग स्वतःच्या गाडीत जाऊन बसला. प्रत्येक वेळी बोलणारे आधी गेले आणि मागे राहिलेल्यांचा आवाज कोणी ऐकला नाही. विमानतळावर नेमकी हीच फाळणी आता दोन रुपयांत घडते आहे. कार्डवाला काचेआड गेला की बाहेरच्या दालनातले पाणी बंद आहे की चालू, याचे त्याला सोयरसुतक उरत नाही. आणि ज्या दिवशी बँक त्याचे कार्ड नाकारते त्या दिवशी तोही त्याच फरशीवर येतो. पण तोवर तिथले बाक गेलेले असतात.

रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातील हाल गांधीजींनी १९१७ साली जाहीरपणे मांडले होते. तो वर्ग संपायला १९७४ साल उजाडावे लागले. कोणताही कायदा न करता, कोणतीही पाटी न लावता विमानतळाच्या चकचकीत फरशीवर आपण तो पुन्हा वसवीत आहोत.

आता रत्नागिरीकडे येऊ. तटरक्षक दलाच्या ताब्यातील आपल्या विमानतळावर प्रवासी वाहतुकीसाठी टर्मिनल उभारले जात आहे. भाषणांतून धावपट्टीची लांबी ऐकू येते, विमानांची आसनक्षमता ऐकू येते, आंबा आणि मासळीच्या निर्यातीची स्वप्ने ऐकू येतात. त्या इमारतीत माणूस कसा बसेल, हे मात्र कोणाच्या तोंडून आलेले नाही. शेजारच्या सिंधुदुर्गाने आपल्यासाठी किंमत मोजून ठेवलेली आहे. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी थाटात सुरू झाला. तीन वर्षांचा करार संपताच २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईची सेवा खंडित झाली. त्याआधीच गोव्याच्या हद्दीत मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला होता आणि तळकोकणातला प्रवासी तिकडे वळला. इमारत उभी राहिली म्हणजे विमानतळ झाला, हा भ्रम तिथेच फिटायला हवा होता. लहान विमानतळावर उड्डाणे थोडी असतात. आणि थोड्या उड्डाणांचा विमानतळ पावसात अडला, तर दुसरे विमान तासाभरात येत नाही. कोकणचा पाऊस चार महिने असतो. म्हणजे रत्नागिरीच्या टर्मिनलमध्ये थांबणे हा अपवाद ठरणार नाही. वर्षाचा तिसरा हिस्सा तोच तिथला नित्यक्रम असेल.

तेव्हा जागांचे करार होण्याआधी, गाळ्यांच्या निविदा निघण्याआधी, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने आणि जिल्हा प्रशासनाने हे लिहून ठेवावे. सामायिक दालनात प्रत्येक प्रवाशाला आसन मिळेल आणि काही आसनांवर आडवे होता येईल. पिण्याचे पाणी फुकट मिळेल. दहा रुपयांत चहा मिळेल. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या उडान यात्री कॅफेने ते शक्य असल्याचे दाखवले आहे आणि नंतर इतर विमानतळांवरही तो गेला आहे. बाळाला दूध पाजण्याची खोली आणि चाकाच्या खुर्च्या मागितल्यावर शोधाव्या लागणार नाहीत. उशिराची घोषणा मराठीत होईल आणि ती कारणासह होईल. बाहेर नातलगांसाठी पत्र्याची का होईना, पण पंखे असलेली शेड असेल. कारण इथे आखाताला एक जण निघाला की त्याला पोहोचवायला दोन गाड्या भरून वाडी येते, पावसात उभी राहते आणि विमान डोळ्यांआड होईतो हलत नाही. दारातून एसटी सुटेल आणि ती विमानाच्या वेळेशी जोडलेली असेल. एवढे झाल्यावर कोणाला पैसे मोजून लाउंज चालवायचे असेल, तर त्याने खुशाल चालवावे. आमचे त्याच्याशी वैर नाही. क्रम मात्र उलटा चालणार नाही.

लोकप्रतिनिधींना एक गोष्ट विचारतो. कोकणातल्या गरिबातल्या गरीब घरालाही पडवी असते. अनोळखी वाटसरू आला तर त्याची जात, कार्ड, खर्च काही न विचारता आधी गूळपाणी पुढे येते, नाव-गाव मागाहून. जनतेच्या पैशाने आणि जिल्ह्याच्या नावाने उभ्या राहणाऱ्या इमारतीत ही पडवी कुठल्या नकाशावर आहे? तिचे चौरस फूट किती? हा आकडा विधिमंडळात मागा, जिल्हा नियोजन समितीत मागा आणि तो मिळेपर्यंत फीत कापायला जाऊ नका. बँकांच्या शाखाधिकाऱ्यांनीही कार्ड विकताना लाउंजची जाहिरात करण्याआधी अटींचा कागद ग्राहकाला मराठीत वाचून दाखवावा. आखाती पैशावर चालणाऱ्या खात्यांची संख्या या किनाऱ्यावर थोडी नाही आणि त्या खात्यांचे मालक वर्षातून दोनदा नक्की विमानात बसतात.

हे आज झाले नाही, तर करारावर सह्या होतील, गाळे भरतील, काचा बसतील, आणि दहा-वीस वर्षांच्या भाडेपट्ट्यात बाक घुसवायला न्यायालयालाही जागा सापडणार नाही. मग एखाद्या आषाढात, पाऊस आडवा लागलेला असताना, मुंबईचे विमान येत नसताना, रत्नागिरीच्या टर्मिनलमध्ये कोणीतरी म्हातारी काचेच्या दाराशी आधार कार्ड पुढे करील. आणि त्या वेळी दारावर मान हलवणारा मुलगा आपल्याच गावचा असेल.