साहेबाचं बोलणं कागदावर घ्या

लातूर-नांदेडकडे नोकरी लागली की पेढे वाटले जातात. नोकरी पक्की झाल्याचं पत्र येतं तेव्हा मात्र घरात कुणाला पत्ताही नसतो. या दोन्हींच्या मधला काळ म्हणजे प्रोबेशन. तो सहा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, पोरापोरींना तो एकट्यानंच काढावा लागतो, कारण गावाच्या लेखी पोरगं ‘लागलं’ आणि विषय संपला. साहेब वाईट निघाला तर सांगायचं कुणाला? घरी फोन केला की वडील म्हणतात, ‘साहेबाच्या तोंडी लागू नको लेकरा, थोडे दिवस कळ काढ.’ या बोलण्यात माया असते. आडत्यापुढं, तलाठ्यापुढं, बँकेच्या खिडकीपुढं त्यांनी जन्मभर हेच केलेलं असतं. पण हा सल्ला मला अर्धाच पटतो. तोंडी लागू नये, हे बरोबर. गप्प बसावं, हे चूक.

नव्या नोकरीत आधी एक गोष्ट स्वतःशी खरेपणानं तपासावी लागते. साहेब कडक आहे की अन्यायी? कॉलेजातून थेट शाखेत गेलेल्या मुलाला पहिले दोन महिने दोन्ही सारखेच वाटतात. कडक साहेब चूक दाखवतो, काम पुन्हा करून घेतो आणि सगळ्यांना एकच माप लावतो. त्याचा राग येतो, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याचं म्हणणं पटतं. अन्यायी साहेबाच्या बोलण्यात काम नसतंच. ‘तुझ्यात दम नाही’, ‘तुम्हा गावाकडच्यांना बोलायचं कळत नाही’, ‘कुणाच्या वशिल्यानं आलास?’ अशी त्याची वाक्यं माणसावर असतात. या दोघांना वेगळं ओळखायची एक साधी रीत मी मुलांना सांगते. शांतपणे विचारायचं, ‘सर, माझ्या कामात नेमकं काय कमी पडतंय आणि ते कधीपर्यंत सुधारू?’ याचं उत्तर देणारा माणूस कितीही तापट असला तरी त्याच्या हाताखाली शिकता येतं. जो विचारल्याबद्दलच चिडतो, त्याच्यापासून सावध राहायचं.

लातूर जिल्ह्यातली बी.कॉम. झालेली एक मुलगी नांदेडच्या एका फायनान्स कंपनीत लागली. महिलांच्या गटांना छोटी कर्जं देणारी कंपनी, सहा महिन्यांचं प्रोबेशन. नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाकडची मुखेड आणि कंधारकडची केंद्रं तिच्या गळ्यात पडली, तीही दिवाळीच्या तोंडावर. हा भाग ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. पाऊसपाणी संपलं की या डोंगराळ, कोरडवाहू पट्ट्यातली घरंच्या घरं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. केंद्राच्या बैठकीला येते शेजारीण, नाहीतर मागं राहिलेली म्हातारी सासू, आणि तिच्या हातात हप्ता नसतो. वसुली पडायची ती पडलीच. शाखाधिकारी मात्र तिची तुलना रोज अर्धापूरकडच्या मुलाशी करायचा. अर्धापूर म्हणजे कालव्याचं पाणी आणि केळीच्या बागा. रोज संध्याकाळी शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी पडायची, तिचं नाव तळाला, लाल रंगात. तोंडी निरोप वेगळा होता, ‘कन्फर्मेशन विसर.’

ती भांडली नाही. तिनं एक तक्ता केला. केंद्रं ताब्यात घेतली त्या तारखेला प्रत्येक केंद्राची थकबाकी किती होती, आज किती आहे, किती कर्जदार ऊसतोडीला गेलेत आणि ते परत कधी येणार, जुन्या थकीत हप्त्यांपैकी किती तिनं वसूल केले. पहिल्या दिवसाची थकबाकी हँडओव्हरच्या कागदावर होतीच, तो कागद कुणी उघडून पाहिला नव्हता एवढंच. तक्ता तिनं शाखाधिकाऱ्याला मेल केला. वर दोन ओळी होत्या, ‘आज सांगितल्याप्रमाणे माझ्या केंद्रांची स्थिती सोबत जोडली आहे. यापुढे कोणत्या केंद्राला किती टार्गेट धरायचं ते कळवावं.’ एरिया मॅनेजर आला तेव्हा तोच तक्ता टेबलावर ठेवला. तिचं प्रोबेशन तीन महिने वाढलं, पण लेखी वाढलं, टार्गेट नव्यानं ठरवून आणि शाखा बदलून. पूर्ण न्याय झाला असं मी म्हणणार नाही. ती केंद्रं दुसऱ्या एका नव्या मुलाकडे गेली आणि शाखाधिकारी आहे तिथंच आहे. पण ‘हिच्यात दम नाही’ हे वाक्य त्या तक्त्यापुढं टिकलं नाही.

मला सांगायचं आहे ते एवढंच. अन्यायी साहेबाचं सगळं बळ तोंडी कारभारात असतं. टार्गेट तोंडी, बदललेलं टार्गेट तोंडी, रविवारी बोलावणं तोंडी, रजा नाकारणं तोंडी, प्रोबेशन वाढवणंही तोंडी. लेखी असतो फक्त शेवटचा शेरा, ‘काम असमाधानकारक.’ मधल्या सहा महिन्यांचा एकही कागद नसेल तर त्या शेऱ्यासमोर तुमच्या बाजूनं बोलणारं काहीच उरत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच लिहायचं, तक्रार म्हणून नाही, कामाचा भाग म्हणून. साहेबानं काम सांगितलं की संध्याकाळी नम्र भाषेत दोन ओळींचा मेल. काम झालं की पुन्हा एक. यानं साहेब दुखावेल अशी भीती मुलांना वाटते. काही साहेब दुखावतातही. पण ‘सर, माझ्याकडून विसरायला नको म्हणून लिहून ठेवलं’ यावर कुणाला उघड आक्षेप घेता येत नाही.

यात दोन पथ्यं मात्र कडक पाळायची. ग्राहकांच्या याद्या, खात्यांचे तपशील, कंपनीच्या फायली घरच्या मेलवर पाठवायच्या नाहीत. चांगल्या मुलांना याच एका कारणावरून काढून टाकलेलं मी पाहिलं आहे, आणि तेव्हा त्यांची बाजू घेणं मलाही अवघड गेलं. दुसरं म्हणजे मूळ गुणपत्रिका आणि सही केलेले कोरे चेक कुणाच्या कपाटात ठेवायचे नाहीत. ‘कंपनीची पद्धत आहे’ असं सांगून ते मागतात. मूळ कागद दाखवावेत, साक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ घेऊन घरी यावं. मूळ सनद दुसऱ्याच्या ताब्यात असली की राजीनामा देण्याचं स्वातंत्र्यही त्याच्याच ताब्यात जातं.

आपल्याकडे प्रोबेशनचा सगळ्यात मोठा अनुभव शाळांना आहे. १३ ऑक्टोबर २००० च्या शासन निर्णयानं शिक्षणसेवक योजना आली आणि डी.एड., बी.एड. झालेल्या मुलामुलींच्या वाट्याला मानधनावरची तीन वर्षं आली. सुरुवातीला महिन्याला प्राथमिकला ३,०००, माध्यमिकला ४,००० आणि उच्च माध्यमिकला ५,००० रुपये. पुढं ते ६,०००, ८,००० आणि ९,००० झाले. २०२३ पासून १६,०००, १८,००० आणि २०,००० आहेत. म्हणजे दोन दशकांहून जास्त काळ, पदवी आणि पदविका घेतलेला माणूस वर्गात पूर्ण शिक्षक आणि पगारपत्रकावर सेवक होता. खासगी संस्थेत या तीन वर्षांचा अर्थ मराठवाड्यातल्या शिक्षकांना वेगळा समजावून सांगायला नको. शाळा सुटल्यावर संस्थेच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडणं, निवडणुकीच्या दिवसांत गाडीत बसून फिरणं, मुख्याध्यापकांच्या घरची कामं. नाही म्हटलं की गोपनीय अहवालाची आठवण करून दिली जाते.

याच शाळांसाठीचा कायदा आपल्या बाजूनं काय बोलतो, हे मात्र शिक्षकांनाही नीट माहीत नसतं. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी अधिनियम १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची. परिविक्षेतल्या, म्हणजे प्रोबेशनवरच्या, कर्मचाऱ्याच्या कामाचं मुख्याध्यापकानं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करावं आणि त्याची नोंद ठेवावी, असं नियम १५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका शाळेच्या प्रकरणात सांगितलं, की परिविक्षेतल्या माणसाला कमी करताना व्यवस्थापनाला हा नियम बाजूला ठेवता येत नाही. काढून टाकलेल्या शिक्षकाला तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, आणि असं न्यायाधिकरण लातूरला आहे. हे तीस दिवस बहुतेक जण घरात बसून, ‘संस्थाचालकांना एकदा भेटून बघू’ म्हणत घालवतात. माझी कळकळीची विनंती आहे, जरूर भेटा, पण तारीख मोजत राहा. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात खासगी क्लासवर शिकवणाऱ्यांना हा कायदा लागू नाही. त्यांच्याकडे असतो तो फक्त नियुक्तीचा कागद, तोही असला तर. म्हणून तो त्यांनी पहिल्या दिवशीच मागितला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमुळे या मागणीला कायद्याचा आधारही मिळाला आहे.

कायद्याबद्दल खोटी आशा मी दाखवणार नाही. काम पसंत पडलं नाही म्हणून प्रोबेशनमध्ये साध्या पत्रानं सेवा संपवण्याचा मालकाचा अधिकार न्यायालयांनी सतत मान्य केला आहे. न्यायालय आडवं येतं ते, साध्या पत्राच्या आडून शिक्षा दिली जाते तेव्हा. १९७४ मध्ये पंजाबातल्या दोन अधिकाऱ्यांची प्रकरणं सात न्यायाधीशांच्या पीठापुढं आली. हे दोघंही परिविक्षेवरचे न्यायिक अधिकारी होते. आदेशाची भाषा काहीही असो, मुळात आरोप ठेवून शिक्षाच केली असेल तर आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागेल, असं पीठानं ठरवलं आणि दोघांनाही न्याय दिला. निवाडे देणाऱ्यांवरही ही वेळ येते, हे आमच्या मुलांनी लक्षात ठेवावं. आपल्यावर आली म्हणून खाली मान घालायचं कारण नाही. १९७३ चा विम्को या आगपेट्यांच्या कंपनीतल्या रखवालदाराचा निकाल तर मला फार जवळचा वाटतो. कारखान्याच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नियमावलीत, परिविक्षा दोन महिन्यांची होती, कंपनीनं त्याच्या पत्रात सहा महिने लिहिले. स्थायी आदेशांना छेद देणारी अशी अट टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. त्या रखवालदाराची बाजू उभी राहिली ती कागदाला कागद लावून पाहिल्यामुळे.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात थांबून बघण्याची गरज नाही. साहेबाचं वागणं अंगचटीचं असेल, रात्री-अपरात्री मेसेज येत असतील, ‘कन्फर्मेशन माझ्या हातात आहे’ हे वाक्य दार लावून बोललं जात असेल, तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात परिविक्षेतल्या कर्मचारी स्त्रीचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘मी अजून पर्मनंट नाही’ म्हणून मागं राहायचं कारणच नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असली पाहिजे. ती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुदत तीन महिन्यांची. सोबत कुणीतरी असावं, आई, बहीण, मैत्रीण, कुणीही.

शाखाधिकाऱ्यांवर वरून दाब असतो, हे मी नाकारत नाही. त्यातले कितीतरी पस्तिशीच्या आतले, स्वतःच्या बदलीच्या आणि घराच्या हप्त्याच्या काळजीत असलेले. पण वरचा दाब खाली आणताना तो सगळ्यात नव्या आणि सगळ्यात मुक्या माणसाच्या डोक्यावर ठेवायचा, हे त्यांनीच ठरवलेलं असतं. त्याची जबाबदारी त्यांचीच.

आणि नोकरी सोडायची वेळ आली तर? हा प्रश्न मुलं माझ्याजवळ हळू आवाजात विचारतात, कारण ‘परत आला’ हे गावातले दोन शब्द त्यांना साहेबापेक्षा जास्त घाबरवतात. पारावर कुणी काय म्हणेल या भीतीनं झोप उडालेली, जेवण सुटलेलं, ताप अंगावर काढून मोटारसायकलवर वसुलीला निघालेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या आईवडिलांना मी हात जोडून सांगते, की फोनवर ‘पगार झाला का?’ याच्या आधी ‘साहेब कसा वागतो?’ हे विचारा. पोरगं गप्प झालं तर एसटी पकडून त्याच्या खोलीवर जा. तिथली परिस्थिती डोळ्यांनी बघा आणि ‘सोडायची असेल तर सोड, घर आहे’ हे वाक्य एकदा त्याच्या कानावर पडू द्या. ज्याला हे ऐकायला मिळतं, तो बहुतेक वेळा नोकरी लगेच सोडत नाही. साहेबाला तो नीट उत्तर देऊ लागतो.

सोडायचीच ठरली, तर रागात ग्रुपवर चार ओळी लिहून फोन बंद करू नका. राजीनामा मेलवर द्या, नोटिशीचे दिवस नियुक्तिपत्रात पाहून मोजा. त्यात साहेबाबद्दल एक शब्दही लिहू नका. तक्रार असेल तर ती वेगळ्या पत्रात, तारखा घालून, वरच्या अधिकाऱ्याकडे. लॅपटॉप, ओळखपत्र, वसुलीच्या पावत्या परत करून पोच घ्या. रिलिव्हिंग लेटर मागा. नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता व्हायला हवा, हे मेलमध्ये आठवण म्हणून लिहा. पीएफ कापला जात असेल तर पासबुक उघडून बघा, कापलेले पैसे खरंच जमा झालेत का. झाले नसतील तर पीएफ कार्यालयाकडे लेखी तक्रार करा, आणि तिचा क्रमांक राजीनाम्याच्याच फाईलमध्ये ठेवा.