महापौरांची खुर्ची कुठे आहे?



राज्य बोलले की त्यातल्या शहरांचेही म्हणणे मांडले जाते, असा एका पत्रलेखकाचा दावा आहे; तो पटला नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा आधार, म्हणजे जकात, बंद झाली. जीएसटी परिषदेत बसतात केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री. महापालिकांतर्फे कुणीच नाही. आता भरपाईसाठी राज्याच्या तोंडाकडे पाहायचे! ऑस्ट्रेलियात १९९२ पासून पंतप्रधान आणि प्रीमियर यांच्या परिषदेत स्थानिक संस्थांच्या संघटनेचा अध्यक्ष सदस्य असे. (२०२० मध्ये तिथेही ती जागा गेली, हे खरे.) शहरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७४व्या घटनादुरुस्तीला तीन दशके उलटली. जीएसटी परिषदेने महापौरांना निदान निमंत्रित म्हणून तरी बोलवावे.

– एक वाचक, ठाणे