मुलांची डॉक्टर व्हायचंय?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे हमखास ऐकू येतं, ‘‘पोरगी डॉक्टर झालीच तर लहान मुलांची होऊ दे. बायकांना ते बरं जमतं.’’ मला हे काही पटत नाही. मुलं आवडणं वेगळं आणि रात्री दोन वाजता दीड किलोच्या बाळाची शीर शोधून सलाइन लावणं वेगळं. ते नुसत्या मायेनं नाही, शिकून जमतं.

आणि शिकायला वर्षं लागतात. ‘नीट’ द्यायची, मग एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, पुन्हा ‘नीट पीजी’, त्यानंतर बालरोगशास्त्रात एमडीची ३ वर्षं. अठराव्या वर्षी निघालेली मुलगी सत्ताविशीला पोचते, तेही कुठं न अडखळता! पण एमबीबीएस झालं रे झालं की आपण स्थळं बघायला लागतो. ‘पुढचं सासरी शिकेल’ म्हणतो. कितीजणींचं शिक्षण तिथंच थांबलेलं मी पाहिलंय.

आनंदीबाई जोशींचं बाळ जेमतेम १० दिवस जगलं. ते दुःख घेऊन त्या डॉक्टर व्हायला निघाल्या आणि १८८६ साली अमेरिकेत एम.डी. झाल्या. तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन रात्री-अपरात्री जिल्ह्याच्या गावी धावणाऱ्या आया आपल्या तालुक्यात आजही आहेतच की.

म्हणून मैत्रिणींनो, लेक फॉर्म भरायला बसेल तेव्हा ही सगळी वर्षं कागदावर मांडा. फी, हॉस्टेल आणि लग्नाचंही तिच्याशी मोकळेपणी बोला. लग्न थोडं लांबलं तर लांबू दे, एमडी अर्धवट सुटायला नको.