‘मग पुढे?’ एवढंच विचारा

पोरांना एखादं पुस्तक मनापासून आवडलं की ती काय करतात? गोष्ट सांगतात. अख्खीच्या अख्खी. ‘तर काय झालं माहितीये...’ पासून सुरू करून थेट शेवटापर्यंत, मध्ये श्वाससुद्धा न घेता. आणि आपण मोठी माणसं काय म्हणतो? "अरे, गोष्ट नको सांगूस, तुला काय वाटलं ते सांग."

माझ्या मते सगळी गाडी इथेच घसरते. कारण गोष्ट सांगणं हेच पोरांचं मत असतं.

याचा एक झकास पुरावा आहे. १९३६ साली लंडनमधले प्रकाशक स्टॅनली अनविन यांच्याकडे टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’चं हस्तलिखित आलं. मुलांचं पुस्तक कसं आहे ते मुलालाच विचारावं, म्हणून त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. अभिप्राय लिहिण्याचे पैसेही दिले, एक शिलिंग! रेनरने लिहिलेला तो अभिप्राय आजही वाचायला मिळतो. इनमीन एक परिच्छेद, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि त्यातली बहुतेक वाक्यं म्हणजे निव्वळ गोष्ट. शेवटी एवढंच, की नकाशे आहेत तेव्हा चित्रांची गरज नाही आणि पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना हे आवडेल. (स्वतः दहाचा, म्हणजे आपण त्यातले नाही हेही साहेबांनी सुचवून टाकलं :-) ) २१ सप्टेंबर १९३७ ला पुस्तक बाजारात आलं.

आता हाच अभिप्राय आपल्याकडच्या एखाद्या वर्गात कुणी लिहून दिला असता तर? ‘फक्त कथानक दिले आहे, बोध लिहा’ असा लाल शेरा नक्की!

खरं तर मूल गोष्ट सांगत असताना नीट ऐकलं तर त्यात सगळं असतं. कुठे रेंगाळतं, कुठली दहा पानं एका वाक्यात उडवतं, कुणाची नक्कल करतं... भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून एखादं पोरगं दिवसभर घरात ‘ट्टॉक’ करत फिरत असेल, सायकल काढून ‘तपासाला’ निघत असेल, तर यापेक्षा वेगळं परीक्षण कशाला हवं? आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, ‘सॉफ्टवेअर छान आहे’ असं सांगणाऱ्या वापरणाऱ्याचा मला काडीचा उपयोग नसतो. ‘मी हे दाबलं, मग हे झालं, मग इथे अडलो’ असं सांगणारा लाख मोलाचा. पोरं नेमकं तसंच सांगतात.

पण आपल्याला हवा असतो निबंध. ‘माझे आवडते पुस्तक’. या विषयावर वर्गातली निम्मी मुलं ‘श्यामची आई’ लिहितात, आणि त्यातल्या कितीजणांनी ते वाचलेलं असतं हे मास्तरांनाही ठाऊक असतं. गाईडमध्ये तयार मिळतं ना! वाईट याचं वाटतं, की पुस्तकही चांगलं आणि मुलंही चांगली, पण मधल्या मध्ये मुलं एक गोष्ट पक्की शिकतात: पुस्तकाबद्दल खरं बोलायचं नसतं, शोभेल ते बोलायचं असतं. आणि दुसरी त्याहून वाईट. ‘आवडलं’ म्हटलं की मागे काम लागतं, तेव्हा न बोललेलंच बरं. २०१५ पासून आपण १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. त्या दिवशी वाचलेल्या पुस्तकाचा दुसऱ्या दिवशी अहवाल मागितला, तर प्रेरणा कुठे राहिली?

यावर शिक्षक मंडळी म्हणतील, की साठ पोरांच्या वर्गात प्रत्येकाची गोष्ट ऐकत कधी बसणार? आणि लिहिल्याशिवाय भाषा कशी सुधारणार? दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. पण प्रत्येकाची गोष्ट बाईंनीच ऐकायला हवी असं थोडंच आहे? बाकावरच्या शेजाऱ्याला सांगू दे की. पोरं एकमेकांच्या शब्दावर जेवढी पुस्तकं वाचतात तेवढी आपल्या सांगण्यावरून कधीच वाचत नाहीत. लिहायचंच असेल तर एक ओळ पुरे: हे पुस्तक तू कुणाला देशील आणि का? किंवा, कुठे कंटाळा आला? कंटाळा आला हे सांगायची मुभा असेल तरच ‘आवडलं’ला किंमत.

आणि काही मुलं काहीच सांगत नाहीत, त्यांचं काय? दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने (हा बरीच वर्षं शाळेत शिकवायचा) १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. मधली पानं गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क वगैरे. त्यातला शेवटचा, दहावा हक्क आहे गप्प राहण्याचा. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही पुस्तकं इतकी आत जातात, की त्यांच्याबद्दल लगेच बोलवत नाही. मोठ्यांचं होतं, तसंच छोट्यांचंही.

असो. सांगायचं इतकंच, की पोरगं पुस्तक घेऊन तुमच्यामागे आलं आणि ‘तर काय झालं माहितीये’ म्हणालं, तर हातातलं काम दहा मिनिटं बाजूला ठेवा. तात्पर्य विचारू नका. ‘मग पुढे?’ म्हणा. आणि जमलं तर नंतर ते पुस्तक स्वतः वाचा. त्याच्या मताला याहून मोठा मान दुसरा नाही.