टिकाऊ फिरकीची फळी

“गतवर्षींच तर घेऊन दिली!” असें म्हणणारे वडील आणि “तिची फिरकी गेली” असें सांगणारा मुलगा, पिकलबॉलच्या फळीवरून होणाऱ्या या वादांत मुलाचें म्हणणें अगदींच खोटें नसतें.

१९६५ सालीं अमेरिकेंतील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड व त्यांच्या मित्रांनीं हा खेळ काढला, तेव्हां फळ्या साध्या लाकडाच्या होत्या. आज चांगल्या फळीचा पृष्ठभाग बहुधा कार्बनच्या तंतूंचा असतो. राळ लाविलेल्या तंतूंवर कापड दाबून, राळ कठीण झाल्यावर तें सोलून काढतात. विणीचा ठसा मागें राहतो, तोच खरखरीतपणा. तो चेंडूस क्षणभर धरून फिरवितो. मग जोरानें मारलेला चेंडूहि लौकर खालीं वळून रेषेच्या आंत पडतो. परंतु राळेचीं तीं सूक्ष्म टोकें फटक्यागणिक झिजतात. म्हणजे जो रोज खेळतो त्याचीच फळी आधीं गुळगुळीत; मेहनतीस हा दंडच! काचकागदानें घासावी, तर नियमाची बंदी.

आतां कांहीं कारखानदारांनीं लौकर न झिजणारे पृष्ठभाग काढले आहेत. यानें कौशल्याचें मोल जाईल, अशी ओरड ऐकूं येते. ती नवी नव्हे. १९५२ सालीं मुंबईंत टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा झाली. तींत जपानचा हिरोजी सातो हा स्पंज लाविलेली फळी घेऊन आला आणि अजिंक्य ठरला. प्रतिपक्षी पार गोंधळून गेले. पुढें १९५९ मध्यें फळीवरील आवरणाच्या जाडीस मर्यादा घालण्यांत आली. खेळ कांहीं बुडाला नाहीं.

पिकलबॉलमध्यें तर अमेरिकेच्या नियामक संस्थेनें खरखरीतपणाच्या सरासरी उंचीस ३० मायक्रोमीटरांची मर्यादा आधींच घातली. नियमांत बसणारी फळी शंभराव्या दिवशींहि तशीच राहिली, तर त्यांत अन्याय कोणता? अन्याय आज आहे. ज्याचे पालक दर हंगामास नवी फळी घेऊं शकतात त्याची फिरकी ताजी, इतरांची शिळी. म्हणून आमचें मत टिकाऊ पृष्ठभागाच्या बाजूचें आहे.

मात्र ज्याचा चेंडू अद्याप जाळींतच अडकतो त्यास साधी लाकडी फळी पुष्कळ झाली. आणि ‘टिकाऊ’ हा शब्द वेष्टनावर छापणें सोपें असतें. पालकांनीं दुकानांतील नव्या फळीवर न भुलतां, कोणा खेळाडूची तीन महिने वापरलेली तशीच फळी मागून घ्यावी व तिच्या मधोमध बोट फिरवून पाहावें.